रफिक, वाइड लेन्सच्या कोपऱ्यात मी आहे

रफिक, जे आजवर कोणालाच सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं लिहिणं व्हायचं नाही. त्या संध्याकाळी बारागाड्यांसमोर तुझ्या कमरेचा पट्टा माझ्या हातून सुटला नव्हता. मी तो सोडला होता.

माझ्या बायकोला हे माहीत नाही. तुझ्या घरी शबानाभाभींना माहीत नाही. तुलाही माहीत नाही असं मी धरून चाललो होतो, आणि तेवढ्यावर माझी झोप टिकून होती.

आपल्या फोटोग्राफर मंडळींनी तुझ्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायचं ठरवलंय. मला फोन आला, "विजूभाऊ, तुम्हीच लिहा. तुम्ही तर त्याला चाकाखालून ओढून काढलं होतं." मी हो म्हणालो. फोन ठेवला तर पडद्यावर घामाचा ठसा उमटलेला. मी भित्रा आहे हे तुला कोणी सांगायला नको. मंडपात दिवा फुटला की दचकणारा पहिला माणूस मी, आणि त्यावर हसणारा पहिला तू. पण हल्ली जळगावचा नंबर दिसला तरी मी फोन उलटा करून ठेवतो.

लेन्सपासून सुरू करतो. भांडणही तिथूनच सुरू झालं होतं.

तू जळगावात, मी धुळ्याला देवपुरात. तुझ्या ऑर्डरीला मी यायचो, माझ्या ऑर्डरीला तू. दोघांकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी लेन्स. हळदीच्या घरी इवल्याशा खोलीत नवरी, पाट, चार मावश्या आणि एक रडणारं पोर बसवायचं, म्हणजे आपण कपाटात अर्धे शिरून फोटो काढायचो. स्टेजवर सगळे भाऊबंद उभे राहिले की ते मावेपर्यंत मागे मागे सरकत राहायचं. एरंडोलकडच्या एका लग्नात मी असाच मागे जात वरणाच्या पातेल्यावर आदळलो. नवरीचा बाप धावत आला, आणि तू गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "काका, आमचा माणूस जेवणाची वेळ विचारायला गेला होता."

त्या दिवशी एसटीत ठरलं, वाइड लेन्स घ्यायची, जवळूनही सगळे मावतील अशी. दोघांत एक. मोठ्या कंपन्यांच्या चांगल्या लेन्सा नुसत्या काचेआडून बघण्याच्या. आपल्याला परवडतील अशा दोनच उरल्या. एक नवी, दहा-अठरा, म्हणजे दहा ते अठरा मिलिमीटरची. वजनाला हलकी, प्लास्टिकची, हाताचा कंप सावरून घेणारी, पण अंधारात आंधळी. दुसरी अकरा-सोळा, दुसऱ्या कंपनीची आणि वापरलेली. दोंडाईचाचा एक स्टुडिओवाला दुकान बंद करत होता, त्याची. लोखंडासारखी जड, कंप सावरण्याची सोय नाही, फोकस करताना कुरकुरते, पण कमी उजेडातही बघणारी. दुपारपुरत्या दोन्ही मागून आणल्या आणि तुझ्या दुकानासमोर गोदामाच्या विटांच्या भिंतीला गल्लीतली माणसं ओळीने उभी केलीस. शिंपी, किराणावाला, त्याचा हमाल. आणि अगदी कडेला चहावाले चाचा.

संगणकावर फोटो मोठे करून बघत बसलो. चाचा आपल्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"ओ रफिक, माझं डोकं टरबूज का केलंस?"

"चाचा, डोकं आहे तसंच आलंय."

"मग शिंप्याचं बरं आलं ते?"

"तो मधे उभा होता. वाइडमध्ये कडेचा माणूस ताणला जातो. पुढच्या वेळी मधे उभे राहा, दूल्हा बनवतो तुम्हाला."

मी म्हणालो, "मधे दोन्हीत काही फरक नाही. दहा-अठरा घेऊ. माझा हात हलतो, तुला माहितीये."

"मधलं सगळेच बघतात. कोपरा बघ."

कोपऱ्यात आपल्याकडे आलेल्या दहा-अठराने चाचांचे डोळे बोटाने पुसल्यासारखे केले होते. अकरा-सोळाने ताणले होते, पण पापण्या दिसत होत्या.

"कोपऱ्यात कोण बघतं रे?" मी म्हणालो. "तिथे लांबचे चुलते उभे असतात."

"लांबच्या चुलत्याचा अख्ख्या लग्नात तो एकच फोटो असतो, विजू. नवरदेवाचे पाचशे निघतील."

"आणि माझा हात?"

"तुझ्या हाताचं औषध लेन्समध्ये नाही."

मी रागावलो. अकरा-सोळाच घेतली, पण पुढे कुठलाही फोटो हलला की मी म्हणायचो, "दहा-अठरा घेतली असती तर." तू म्हणायचास, "घे ना, मी कुठे अडवलंय?" आणि हे वर्षानुवर्षं चाललं. आपल्या दोघांत हे भांडण नसतं तर एसटीत बोलायला काय होतं, कोण जाणे.

एक गोष्ट मात्र तेव्हा तोंडावर कबूल केली नाही. लग्नाचा अल्बम लावताना तू कोपऱ्यातल्या एकेका ताणलेल्या चेहऱ्यावर बसायचास. चुलते, मावश्या, नवरीच्या आईच्या माहेरची माणसं. एकेकाला ओढून, दाबून, सरळ करायचास. नवरदेव तसाच पडून असायचा. "ह्यांनी फोटो बघितल्यावर स्वतःला ओळखलं पाहिजे," म्हणायचास. मी वैतागायचो, कारण अल्बम उशिरा गेला की शिव्या मला पडायच्या.

त्या लेन्सचं एकच खोटं होतं, अंतराचं. तिच्यातून सगळं लांब दिसतं. धुळ्याच्या एका वरातीत घोडी तुला दूर वाटत होती, आणि तिचं नाक लेन्सवर आपटलं. घोडीही घाबरली, नवरदेवही. तेव्हापासून आपला नियम झाला. ज्याच्या डोळ्याला वाइड, त्याचा पट्टा मागून दुसऱ्याने धरायचा. ओढलं की मागे यायचं, का म्हणून विचारायचं नाही.

बारागाड्यांत, म्हणजे देवाच्या नावाने बारा गाड्या ओढतात त्यात, ओढणाऱ्या भगताच्या दोन्ही बाजूंना त्याला सावरणारे गडी धावतात, त्यांना बगले म्हणतात. तू लोकांना माझी ओळख तशीच करून द्यायचास. "हा विजूभाऊ. माझा बगल्या." मला ते आवडायचं. तुझा पट्टा धरून उभा असताना माझा हात हलत नसे. तुझ्याही ते लक्षात आलं होतं. "बघ," म्हणालास, "सापडलं तुझ्या हाताचं औषध."

आता ती संध्याकाळ.

आखाजीचे, अक्षय्य तृतीयेचे दिवस. तापीकाठचं गाव. एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, बैल नाहीत, वर माणसं लटकलेली, आणि पुढे हळदीने पिवळा झालेला भगत ते सगळं एकट्याने ओढत पळणार. तुला समोरून हवा होता. खालून, जवळून, मागे सगळ्या गाड्या आणि वर सगळं आभाळ. लेन्स अकरावर, सगळ्यात रुंद लावून तू रस्त्याच्या मधे गुडघ्यात वाकलास. सूर्य आपल्या पाठीला होता. आपल्या दोघांच्या सावल्या पुढे रस्त्यावर पडल्या होत्या आणि तुझ्या सावलीच्या कमरेपाशी माझ्या हाताची सावली चिकटलेली. मागे माणसांची भिंत, सगळ्यांचे डोळे भगतावर.

पहिल्या गाडीवरचा म्हातारा ओरडला, "ओ फोटूवाला, मांगे सरक रे भो! गाडीले डोया नही ऱ्हातस!"

गाडीला डोळे नसतात हे ऐकून तू हसलास. खांदे हललेले मला दिसले.

भगत निघाला. लोकांनी आरोळी ठोकली. मी एकदा हलकेच ओढलं. तू म्हणालास, "लांब आहे अजून." नियमाप्रमाणे तू बोलायला नको होतंस आणि मी पुन्हा ओढायला हवं होतं. मग भगताच्या पायाखाली खडी सरकली, तो एका बाजूला गेला आणि पहिली गाडी आपल्याकडे वळली. मला ती दिसायच्या आधी चपलेतून कळली. जमीन हलत होती. चाकाच्या कडेची लोखंडी धाव खडीवर घासल्याचा आवाज आला.

सोडावं की धरावं, असा विचार झालाच नाही. बोटं उघडली. कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की बोटं उघडली, जसं काही ती दुसऱ्या कोणाची होती. मागे गर्दी, म्हणून मी तुझ्या डाव्या अंगाने पुढे, शेताच्या बांधाकडे पळालो. बांधावर चढून वळून पाहिलं. तू अजून वाकलेलाच होतास. तुझ्या मागे माझी जागा रिकामी होती.

मग चाक तुझ्या पायावरून गेलं.

लोकांनी जू धरून गाड्या रोखल्या. मी धावत आलो तेव्हा चाकं थांबलेली होती. धोका संपला होता, म्हणून मला येता आलं. मी खाली बसून तुझ्या पट्ट्यात हात घातला आणि तुला बाहेर ओढलं. धूळ खाली बसली, लोकांनी पाहिलं, तर माझा हात तुझ्या पट्ट्यात. तू डोळे उघडलेस तेव्हाही माझा हात तुझ्या पट्ट्यातच होता.

कोणीतरी म्हणालं, "ह्या भाऊने सोडलं नाही म्हणून वाचला." मी खोटं बोललो नाही, रफिक. मी काहीच बोललो नाही.

तुझ्या गुडघ्यात धातूची पट्टी बसली. लंगडेपणा राहिला. बाहेरच्या ऑर्डरी सुटल्या आणि तू दुकानात पासपोर्ट फोटो काढत बसलास. लेन्स माझ्या हातात दिलीस, "मी कुठे जाणार आता? तू वापर." देवपुरातल्या माझ्या कपाटात ती हवाबंद डब्यात पडून आहे. एकदाच लावली, पांझरेच्या पुलावर. समोरून येणारा सायकलवाला लांब दिसत होता. मी कॅमेरा डोळ्यावरून काढला तर तो माझ्याशेजारून जात होता. डबा पुन्हा उघडला नाही. तुला सांगायचो, "छान चालतेय."

त्या संध्याकाळची एक फ्रेम तू मोठी करून दुकानात लावलीस. भगत, गाड्या, आभाळ, आणि खाली आपल्या जोडलेल्या दोन सावल्या. येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायचास, "ही दुसरी सावली माझ्या बगल्याची." ईदला शिरखुर्म्याची पहिली वाटी भाभी मला द्यायच्या. "पहले विजूभाई. इनके हाथ की वजह से ये घर है." मी वाटीत बघत राहायचो. शेवया अर्ध्या उरायच्या, आणि भाभींना वाटायचं गोड जास्त झालं.

एका दुपारी दुकानात आपण दोघंच होतो. तू त्या फोटोकडे बघत, सहज विचारल्यासारखं विचारलंस, "विजू, ह्याच्या पुढे काय झालं, तुला नीट आठवतं का रे?"

मी कप बशीवर ठेवला. मी म्हणालो, "गर्दी इतकी होती..."

तू चहाचा घोट घेतलास. "हं," म्हणालास. "गर्दी होती."

बोलायचं दार तू उघडून दिलं होतंस. आता कळतंय. तेव्हा फक्त एवढंच कळलं, की विषय संपला आणि मी वाचलो. मी पुन्हा एकदा बांधावर उभा होतो.

ह्या थंडीत तू दुकानातल्या खुर्चीतच गेलास, छातीवर हात ठेवून. मी पोचलो तोवर तुला न्यायची तयारी झाली होती. कब्रस्तानात माती देताना लोकांनी मला हाताला धरून पुढे केलं. "आने दो, इसने जान बचाई थी उसकी." माझ्या मुठीतून माती पडत होती आणि मला वाटत होतं, आता कोणीतरी माझ्या हाताकडे बघेल.

पंधरा दिवसांनी नाझनीनचा फोन आला. तुझी पोरगी आता लग्नांत बायकांकडचे फोटो एकटी सांभाळते, दुकानही तीच बघणार म्हणते. "विजूकाका, अब्बूंचा एखादा चांगला फोटो शोधून द्या ना. संगणकात इतकं आहे, मला समजत नाही." मी गेलो. ती आत चहा ठेवायला गेली आणि मी तुझ्या खुर्चीत बसलो.

तुझे फोटो शोधायला गेलो होतो, हे खरं. पण हात आधी आखाजीच्या फोटोंकडे गेला, हेही खरं. दुकानात लावलेली फ्रेम सापडली. तिच्या पुढच्या दोन हललेल्या. तिच्या पुढची स्वच्छ.

भगत तिरपा. गाडी अर्ध्या आभाळाएवढी. खाली सावली एकच. आणि डाव्या कोपऱ्यात, बांधावर चढणारा, मागे वळून बघणारा मी. ताणलेला, चाचांसारखं टरबूज झालेला, पण मीच. तोंड उघडं आहे. शर्टाच्या चौकटी दिसतात. दोन्ही हात रिकामे दिसतात.

आज खरं बोलायचं ठरवलंय, तर हेही सांगतो. पहिला विचार आला तो तुझा नव्हता. वाटलं, दहा-अठरा घेतली असती तर इथे नुसता डाग आला असता.

मग बघितलं, त्या फ्रेमची एक दुसरी प्रत होती. तीच फ्रेम, तेवढीच रुंद. फक्त कोपऱ्यातला माझा चेहरा तू सरळ केला होतास. ओढून, दाबून, एकेका चुलत्याचा करायचास तसा. तारीख पाहिली. दवाखान्यातून घरी आलास त्याच महिन्यातली. म्हणजे वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना दुसरी सावली दाखवत होतास ते मी पळालो हे जाणून. भाभी मला पहिली वाटी देत होत्या आणि तू शेजारी बसून बघत होतास, जाणून. कोपरा कापून टाकणं तुला किती सोपं होतं. तू मला कापलं नाहीस, आणि वेडंवाकडंही ठेवलं नाहीस.

ती माफी होती का, रफिक? की तू वाट बघत होतास, मी कधी बोलतो याची? मला दोन्हींची सारखीच भीती वाटते. माफी असेल तर मी ती घेतल्यावाचून तू गेलास. वाट बघत असशील तर त्याहून वाईट. तरी एक सांगतो. जगात एका माणसाने मला पळताना पाहिलं आणि त्यानंतरही ईदला जेवायला बोलावलं. मला जे मिळालं त्यातलं हे सगळ्यात मोठं, आणि ते मिळत होतं तेव्हा मला कळलंच नाही.

नाझनीन चहा घेऊन आली. मी दुसरंच काहीतरी उघडून बसलो होतो. ती म्हणाली, "काका, ह्या आखाजीला बारागाड्यांची ऑर्डर आलीय. मी घेतली."

"तू? तिथे?"

"का, बायकांना गाड्या दिसत नाहीत का? अब्बूंसारखाच फोटो समोरून काढणार आहे. तुमच्याकडची वाइड आणा." मग खुंटीवरून तुझा पट्टा काढून दाखवला. मोच्याकडून नवी भोकं पाडून घेतली होती तिने. "हा घालणार. अम्मी नको म्हणत होती. मी सांगितलं, मागे विजूकाका असतील, मग काय भीती? धराल ना?"

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही. तिने हो धरलं. मी चहा तसाच ठेवला, आणि ती पट्टा पुन्हा खुंटीला अडकवायला गेली.

तेव्हापासून डोळे मिटले की चपलेखालची जमीन हलते. पट्ट्याला तिचं वजन, माझी बोटं, आणि चाकाचा तो आवाज. माझी बोटं पुन्हा उघडणार नाहीत, असं मी तिला कोणत्या तोंडाने सांगू? मला स्वतःलाच ते माहीत नाही. जे माहीत आहे ते एकदा उघडली होती, एवढंच. आणि तिने कोणाच्या हातात आपला पट्टा द्यायचा हे ठरवण्याआधी तेवढं तिला माहीत असायला हवं.

कपाटातला डबा काल उघडला. लेन्सला काही झालेलं नाही. तू बरोबर होतास, कोपऱ्यांसाठी हीच घ्यायला हवी होती. हे भांडण मी हरलो, आणि सांगायला तू नाहीस.

ही पुस्तिका छापून येण्याआधी मी लेन्स घेऊन जळगावला जाणार आहे. नाझनीनला ती कोपऱ्याची फ्रेम मी स्वतः उघडून दाखवायची, शबानाभाभी समोर असताना सांगायचं की पट्टा सुटला नव्हता, मी सोडला होता, आणि त्यानंतर पट्टा कोणाच्या हातात द्यायचा ते तिला ठरवू द्यायचं. तुझं एवढं देणं माझ्याकडे राहिलं आहे.